मूळव्याध नव्हती ती
चार महिने शौचाच्या वेळी रक्त जात होतं आणि मी परस्पर ठरवून टाकलं होतं, मूळव्याध आहे. सावजीचा झणझणीत रस्सा सोडला, ताक सुरू केलं आणि लाजेपोटी घरात कोणाला काही सांगितलं नाही. वजन उतरायला लागलं तेव्हा बायकोने धरून दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर म्हणजे एक बाई निघाल्या, त्यामुळे मी आणखीच लाजलो. मी म्हणालो, "थोडे गॅसेस होतात."

"आणि रक्त जाऊन राहिलं ते काहून नाही सांगत?" बायको म्हणाली. "संडास कोण धुते घरचा?"

डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासलं आणि गुदाशयातल्या गाठीचा तुकडा काढून पाठवला. नेहमीचा कॅन्सर असेल असं त्यांनाही वाटलं होतं, पण त्याच तुकड्याच्या आणखी तपासण्या झाल्या आणि निघाला लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. "या जागी फार दुर्मिळ," त्या म्हणाल्या. उभ्या आयुष्यात मला कोणी दुर्मिळ म्हटलं नव्हतं. मी जरा ताठ बसलो. तो इतरत्र पसरला नव्हता. ऑपरेशन न करता औषधाने गाठ विरघळेल अशी त्यांना आशा होती.

केमोचे सहा डोस झाले. केस गेले, ते तसेही जायच्या बेतातच होते. मग पुन्हा दुर्बीण. डॉक्टरांनी आतले फोटो दाखवले. गाठ कुठेच नव्हती, नुसतं गुलाबी, चकचकीत आतडं. बायको बराच वेळ बघत राहिली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "इतकं साफ तुम्ही आजवर काहीच ठेवलं नाही."