अख्खी काढायची

माझ्या थोरल्या नणंदेला कारखान्यात सगळे ‘मास्तर’ म्हणतात. गणवेश शिवण्याचा तो कारखाना. कापड बेतायचं आणि कापायचं टेबल तिथे पुरुषाकडेच असायचं. वन्संनी ते मिळवलं, आणि टेबलाबरोबर नावही. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तर म्हणतात, “माप बसलं नाही.”

राग आला की त्या मला चित्रगुप्त म्हणतात, कारण मी रोजनिशी लिहिते. मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली सवय आहे ती. आधी घडलं ते लिहायचं, एक ओळ मोकळी सोडायची, मग वाटलं ते. दोन्हींची सरमिसळ करायची नाही.

हे गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. दर महिन्याच्या एक तारखेला वन्सं स्वतःचं माप घेतात. गळ्यातली टेप काढायची, कमरेला लावायची, मग ओटीपोटाला, आणि मला हुकूम सोडायचा, “लिहा, चित्रगुप्त.” मी गंमत म्हणून लिहीत होते.

नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावर पुन्हा जायला लागलं. वय एकसष्ट, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली. पंधरा दिवस त्यांनी ते माझ्यापासून लपवलं. कळल्यावर मी त्यांना दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत गर्भाशयात मोठी गाठ निघाली.

सर्जन तरुण आणि बोलायला गोड होता. “अशा गाठी खूप बायकांना असतात. तीन लहान छिद्रं पाडू. चौथ्या दिवशी घरी.”

वन्संनी मूठ वळून त्याच्यापुढे धरली. “गाठ एवढी. मग ती छिद्रातून बाहेर कशी येणार?”

“आतल्या आत तुकडे करून काढतो, आजी.”

“मास्तर म्हणा. आणि ती साधी नसली तर?”

“तशी शक्यता फारच कमी असते.”

“कमी म्हणजे नाही असं नव्हे. सैल विणीचं कापड मध्येच कापलं की दोरे सुटतात, डॉक्टर. मग ते घरभर होतात आणि वेचून संपत नाहीत. गाठ अख्खी काढायची.”

सोबत आलेला माझा मुलगा ओशाळला. “आत्या, यांना कळत नाही का? तुझं ते कापड वेगळं.”

“वेगळंच आहे. हे माझं आहे.”

सर्जन हसला. मोठा छेद घेतला तर सहा आठवडे उभं राहून काम करता येणार नाही, म्हणाला. वन्संना भीती नेमकी त्याचीच होती. शाळा उघडायचे दिवस होते, आणि टेबलावर डोळा ठेवून बसलेले दोघेजण होते. तरी त्या माझ्याकडे वळल्या. “वहिनी, वही काढा. घडलेलं तेवढंच वाचा. तुमचं रडगाणं नको.”

मी चष्मा लावला. “एक जानेवारी. कंबर बत्तीस, ओटीपोट छत्तीस. एक मार्च. कंबर बत्तीस, ओटीपोट साडेसदतीस. एक मे. कंबर बत्तीस, ओटीपोट एकोणचाळीस.”

सर्जनने वही हातात मागितली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. हसू गेलं होतं. पाळी गेल्यावर अशा गाठी आक्रसतात, तो म्हणाला, वाढत नाहीत. स्कॅन नव्याने करावं लागेल. आणि हो, पोट उघडून, पिशवीसकट, अख्खी.

ऑपरेशन तसंच झालं. काढलेल्या गाठीच्या तपासणीचा अहवाल आला तेव्हा मात्र तो आमच्याकडे बघेना. सार्कोमा. गर्भाशयाचा दुर्मिळ कॅन्सर. वन्संनी टेबलावर बोटं ठेवली. “माझ्या विरुद्ध काय काय आहे, सांगा.”

वय, गाठीचा आकार, आणि पेशी भराभर दुभंगत होत्या तो वेग, असं त्याने सांगितलं.

“बाजूने?”

“पिशवीबाहेर पसरलेला दिसत नाही. आणि गाठ फुटली नाही, कापली नाही, अख्खी निघाली. तुकडे केले असते तर...” त्याने वाक्य सोडून दिलं.

“वय काही मला उसवता येणार नाही,” वन्सं म्हणाल्या. “जे हातात होतं ते केलं. आता तुमच्या औषधांचं बघा.”

औषधांनी त्यांचे केस गेले. माझा मुलगा टोपी घेऊन आला तर म्हणाल्या, “शिलाई बघ हिची. त्यापेक्षा टक्कल बरं.” ऑपरेशननंतर दहाव्या आठवड्यात त्या कारखान्यात गेल्या. टेबलाशी दुसराच कुणीतरी उभा होता. वन्संनी त्याच्या हातातली कात्री काढून घेतली, त्याने कापलेला थर बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, “पाऊण इंच तिरका.” तो बाजूला झाला. त्या दिवसाच्या पानावर मी मोकळी ओळ सोडलीच नाही. वाटलेलं लिहायला काही उरलं नव्हतं.

हा कॅन्सर परतला तर बहुतेकदा फुप्फुसात, म्हणून त्यानंतर आधी दर तीन महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी छातीचं स्कॅन. सगळ्या तारखा माझ्याकडे आहेत. दोनदा फुप्फुसावर ठिपका दिसला, दोनदा तो काहीच नाही असं ठरलं. त्या आठवड्यांत वन्सं माझ्यावर फार खेकसल्या, तेही नोंदलेलं आहे.

परवाच्या तपासणीला नवीन डॉक्टरीण होती. जाडजूड फाइल चाळता चाळता ती थबकली. “म्हणजे तुम्ही अजून...”

“पुरं करा ना वाक्य,” वन्सं म्हणाल्या. “अजून आहे.”

ती बिचारी लाल झाली. वन्संनी खुर्ची पुढे ओढली आणि तिच्या पांढऱ्या कोटाची बाही चिमटीत धरली. “ही खांद्यावर चुकलीय. हात वर केला की ओढते ना? पुढच्या खेपेला दुसरा कोट घालून या. हा मी उसवून नीट बसवून देते.”

“पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची आहे,” ती म्हणाली.

“असू दे की. वहिनी, लिहा.”