शेवटच्या पत्राच्या पन्नास प्रती

ऑफिसात ईमेलची सोय नुकतीच आली होती. त्यावर फिरत आलेलं एका शहीद जवानाने आईला लिहिलेलं शेवटचं पत्र मला सोसायटीत वाटायचं होतं. डोंबिवली स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याला मी पन्नास प्रती सांगितल्या.

मशीनचं झाकण तळव्याने दाबत त्याने बाहेर आलेली पहिली प्रत वाचली.

"साहेब, हे खोटंय. जवान घरी देशाबद्दल नाही लिहीत. म्हैस व्याली का, ते विचारतो. माझा भाऊ होता फौजेत."

मी चिडलोच. पण त्याने गठ्ठा मला दिला आणि एक जास्तीची प्रत काढून खिशात ठेवली.

"खोटंय ना? मग?"

"आईला वाचून दाखवीन. भावाचं शेवटचं पत्र आलंच नाही."

त्या पन्नास प्रती अजून माझ्याकडे आहेत. वाटवत नाहीत, फाडवतही नाहीत.