लेकीसाठी शिवलेली गादी

गादीवाल्याच्या गादीवर पाठ टेकली की माणूस घोरायला लागतो, अशी त्याची ख्याती. आणि त्याच्याच घरात तीन महिन्यांची लेक कुणाच्या डोळ्याला डोळा लागू देईना. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आधी असं नव्हतं. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी घरात पाळणा हलला, तेव्हा त्याने निवडक कापूस पिंजून लोण्यासारखी मऊ गादी शिवली. पोरीला पालथं घातलं की ती त्या गादीवर गाढ झोपायची. मग वजन करायला नर्स आली. तिने गादीवर तळहात दाबला, तो मनगटापर्यंत आत गेला.

"दादा, इथे हिचं नाक रुतलं तर हिला मान वळवता येईल का?"

त्याला राग आला. उभी हयात गाद्यांत गेलेल्या माणसाला ही शिकवणार! पण नर्सने बजावलंच. अंथरूण कडक, सपाट हवं, पोर उताणी हवी, उशी नको, लोड नको, दुलई नको. बायकोला पटलं. गादी खाटेखाली गेली आणि रडारड सुरू झाली.

"जावईबापू, जगाला झोपवता आणि माझ्या नातीला फळीवर टाकता," सासूबाई म्हणाल्या. ते त्याच्या वर्मी लागलं.

एका दुपारी बायकोला बसल्या बसल्याच झोप लागली. जागून जागून बिचारीचा पार पिट्टा पडला होता. पोरगी टाहो फोडत होती. त्याने थोपटलं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, पण ती काही केल्या गप्प होईना. शेवटी घटकाभरच म्हणत त्याने गादी ओढली आणि तिला पालथं घातलं. लगेच शांत. तो बाहेरच्या खोलीत टाके घालायला बसला. त्याला फार बरं वाटलं.

थोड्या वेळाने तीच शांतता खुपायला लागली. आत येऊन बघतो तर पोरीचं तोंड गादीत रुतलेलं. उचलली तर मान लुळी, ओठ निळसर. त्याने बायकोला हाक मारली. बायको धडपडत उठली, तिने लेकीला हिसकावून घेतलं, पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या. एकदाचा पोरीने श्वास ओढला. तसेच दोघं दवाखान्यात धावले.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर त्याने गादीची शिवण उसवली, कापूस पोत्यात कोंबला. लेकीला कडक अंथरुणावर उताणं ठेवलं. तिने लगेच भोकाड पसरलं.

"अहो, घ्या की तिला," बायको आतून म्हणाली.

"घेतो," तो म्हणाला. पण जरा वेळ तो तिचं रडणं ऐकत तसाच बसून राहिला.