अर्ध्या चेहऱ्याचा फोटो

हसाकाका स्वतः फारसे हसत नसत. फोटो काढताना मात्र समोरच्याला "हसा जरा, फुकट आहे" असं सांगून सांगून त्यांना हे नाव पडलं आणि खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीबरोबर पुरात वाहून गेलं.

त्या पुराला चौदा वर्षं झाली. नदीला भिंत झाली, नवा पूल झाला, पाणी कुठवर आलं होतं ते दाखवणारी लाल रेघ खांबाखांबांवर ओढली गेली आणि पाहुणे आले की त्यांना ती रेघ दाखवत फिरवायची शहराला हौस लागली. पुलाच्या टोकाशी स्मृतिदालन उभं राहिलं. उद्घाटनाच्या दिवशी एकामागून एक वक्ते उठले आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, की हे शहर सावरलं ते माणसांनी माणसांना हात दिला म्हणून. ते खोटं नव्हतंच. भाषणात खरं बोललं जाणं तसं विरळाच, पण त्या दिवशी बोललं गेलं. हसाकाकांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. ते मूग गिळून मागच्या रांगेत बसून राहिले.

झालं होतं असं. पाणी ओसरल्यावर लोक घराघरांतून चिखल उपसत होते आणि त्या चिखलात अल्बम सापडत होते. भांडीकुंडी गेली त्याचं कुणाला फारसं वाटत नव्हतं, पण फोटो हातात आला की बायामाणसं जागच्या जागी बसून रडायची. हसाकाकांचा कॅमेरा, कॉम्प्युटर, सगळं बुडालं होतं. उरले होते दोन हात आणि रंगांची एक पेटी, तीही पोटमाळ्यावर होती म्हणून. ते म्हणाले, "आणा इकडे, धुऊन बघू." मग काय, लाँड्रीवाल्यानं आपली मोठी खोली दिली, चहावाल्यानं परातींसारखे ट्रे जमवले, शाळेतल्या बाईंनी बाक पाठवले. स्वच्छ पाण्यात फोटो बुडवायचा, मऊ ब्रशनं चिखल सोडवायचा आणि दोरीवर चिमट्यानं लटकवायचा. हात जरा जड पडला, की दुधावरची साय सरकावी तसा रंगाचा थर सरकायचा आणि खाली पांढरा कागद उरायचा. महिना-दीड महिना सगळी गल्ली दुसऱ्यांचे फोटो धूत होती.

ज्या फोटोंना धनी नव्हता ते दोरीवर राहायचे. लोक येऊन बघायचे. कुणी म्हणालं "हा आमचा", तर दोन शेजाऱ्यांनी "हो, यांचाच" म्हणायचं आणि फोटो द्यायचा, असा गल्लीनं नियम केला होता. नियम चांगला होता. तो मोडला तोही चांगुलपणानंच.

शिंपीणकाकूंची सहा वर्षांची मुलगी त्या पाण्यात गेली होती. सापडलीही नाही. घरात तिचा एकही फोटो वाचला नव्हता. काकू रोज दोरीखाली उभ्या राहायच्या, जेवायच्या नाहीत, कुणाशी बोलायच्या नाहीत. नवव्या दिवशी त्या एका फोटोपुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "हीच माझी."

फोटोत दोन वेण्यांची मुलगी होती. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक, त्याला चौकटीच्या कापडाचा एकच खिसा. चेहऱ्याची उजवी बाजू धुऊन गेली होती. डावीकडे एक डोळा, अर्धे ओठ आणि भुवईत एक बारीक चीर.

हसाकाकांनी शिंप्याच्या मुलीचा फोटो दोन वर्षांपूर्वीच काढला होता. ही ती नव्हती. त्यांनी लाँड्रीवाल्याकडे पाहिलं. लाँड्रीवाला मान खाली घालून म्हणाला, "हो, हीच." चहावाला म्हणाला, "हीच की. मी ओळखत नाही का तिला?" दोघांनाही माहीत होतं. पण काकूंकडे बघून नाही म्हणायला जे काळीज लागतं, ते त्या खोलीत कुणाजवळच नव्हतं.

"उरलेला चेहरा काढून द्याल का?" काकूंनी विचारलं. "मी सांगते कशी होती ते."

त्यांनी सांगितलं आणि हसाकाकांनी त्याच कागदावर रंग भरला. दुसरी प्रत काढायला यंत्र कुठे होतं? शेवटी काकू भुवईवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा चिखलाचा डाग राहिलाय. एवढा काढा." तो डाग नव्हता. हसाकाकांनी ब्रश उचलला आणि ती चीर बुजवली. त्या संध्याकाळी शिंपीणकाकू चार घास जेवल्या. गल्लीचा जीव भांड्यात पडला.

पुढे तो फोटो मोठा होऊन स्मृतिदालनाच्या भिंतीवर लागला. काकू रोज सकाळी जाऊन त्याची काच पुसतात आणि येणाऱ्यांना पाणी देतात.

यंदा एक दिवस दुपारी हसाकाकांच्या दुकानात एक बाई आली. पन्नाशीची, खांद्याला कापडी पिशवी. पूर्वी पलीकडच्या काठाला राहायची, पुरात मुलगी गेल्यावर भाऊ तिला आपल्या गावी घेऊन गेला, ती आता पहिल्यांदाच परत आली होती. स्मृतिदालनातून थेट इकडेच.

"तिथल्या ताईंनी तुमच्याकडे पाठवलं," ती म्हणाली. "फार चांगल्या आहेत हो. एका फोटोसमोर मला भोवळ आली, तर त्यांनीच बसवलं. तो फ्रॉक अगदी माझ्या हातचा वाटला. कापड कमी पडलं म्हणून मी खिसा दुसऱ्या कापडाचा लावला होता. पण चेहरा माझ्या मुलीचा नाही. ताई म्हणाल्या, शिंप्याच्या घरची पोर, तुकडे जोडलेलेच फ्रॉक घालायची. असे दोन फ्रॉक असू शकतात ना, काका?"

खरं सांगावं तर तिकडे भिंतीपाशी एक आई दुसऱ्यांदा लेक गमावणार. न सांगावं तर ही समोरची. आणि सांगूनही हिच्या हातात काय ठेवणार? जे होतं ते त्यांनी स्वतःच्या ब्रशनं बुजवलं होतं.

"असू शकतात," ते म्हणाले.

बाईनं मान हलवली. बेवारस फोटोंची पेटी मागून घेतली, एकेक फोटो सावकाश पाहिला, पुन्हा नीट रचून ठेवला. तिचं त्यात काही नव्हतं. कुठून असणार?

"त्या ताई म्हणाल्या, तुम्ही नुसत्या सांगण्यावरून चेहरा काढता. माझ्या मुलीचा काढाल?"

नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. कागद घेतला, पेन्सिल घेतली. बाई खुर्ची ओढून जवळ बसली. आधी भांग सांगितला, तो अगदी मधोमध. मग वेण्या, एक नेहमी सैल. मग कान, थोडे पुढे आलेले. हसाकाका काढत गेले. गेली चौदा वर्षं डोळे मिटले की जो अर्धा चेहरा त्यांच्यासमोर यायचा, तो आता कागदावर उतरत होता आणि हात काही त्यांचं ऐकत नव्हता.

बाई कानाच्या पाळीवरच्या तिळाचं सांगत होती. सांगता सांगता तिची नजर कागदावर थांबली.

"भुवईतली चीर," ती हळूच म्हणाली. "पाळण्यातून पडली होती. हे मी अजून सांगितलं नव्हतं."

हसाकाकांनी पेन्सिल खाली ठेवली. मान वर करायचा धीर झाला नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, दोरी, नियम, लाँड्रीवाला, चहावाला, डाग. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

तिनं आरडाओरडा केला असता, कागद तोंडावर फेकला असता, तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं नुसता कागद त्यांच्याकडे सरकवला.

"पुरा करा," ती म्हणाली.

"उजवी बाजू मला माहीत नाही, ताई. ती मी पाहिलीच नाही. ती माझ्याकडे यायच्या आधीच पाण्यानं नेली होती. तुम्ही सांगा, मी काढतो."

बाईनं डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा ती घाबरलेली होती.

"सकाळपर्यंत होती हो माझ्याजवळ," ती म्हणाली. "आता आठवायला गेले की ती भिंतीवरचीच दिसते."