बांद्याला, मोहनच्या आईकडे

मी हवाई दलात निघालो त्या दिवशी आई मासळी बाजारातून थेट मालवणच्या एसटी स्टँडवर आली. पांढऱ्या शर्टाला वास लागेल म्हणून तिनं मला जवळही घेतलं नाही. उभा जन्म होडीवर काढलेले बाबा एवढंच म्हणाले, "समुद्रात हरावलेल्याक सोदूक जातत रे. आभाळात कोण येतलो?"

एकाहत्तरच्या युद्धात मी हेलिकॉप्टरमधून जखमी जवान आणले. बाविसाव्या वर्षी भीतीचंही अप्रूप वाटतं. पुढं शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेलो तेव्हा मी मुख्य वैमानिक होतो आणि शेजारी सहवैमानिक मोहन, आमच्याच जिल्ह्यातल्या बांद्याचा. आम्ही दोघं कॉकपिटमध्ये मालवणीतच बोलायचो.

एका सकाळी जखमींना उचलताना झाडीतून गोळ्या आल्या. मोहन म्हणाला, "सर, माका लागला." तळावर उतरेपर्यंत तो गेला होता. त्या दिवशी त्याची पाळी नव्हती. बोलायला आपलं माणूस हवं म्हणून मीच त्याला मागून घेतलं होतं.

हे मी तुम्हा मालवणच्या घरच्यांना कधी सांगितलं नाही. त्याच्या आईला सांगायला मात्र बांद्याला गेलो. तिनं आधी विचारलं, "सकाळी कायतरी खावन गेल्लो मा रे तो?"

"हो. इडली खाल्ली होती." मग मी उरलेलंही सांगितलं.

"म्हणजे तो एकलो नाय होतो," ती म्हणाली, आणि माझं पान वाढायला उठली.

कारगिलच्या वेळी मी जमिनीवर होतो, पोरांना वर पाठवणारा. माझी सगळी परतली, तरी त्या उन्हाळ्यात माझे केस पांढरे झाले.

निवृत्तीनंतर पुण्यात राहिलो. आई-बाबा गेले, भावानं घराचा होमस्टे केला. मालवणला येताना मी आधी बांद्याला उतरतो म्हणून तुम्ही रुसता. गेल्या वर्षी मोहनची आई कोणालाच ओळखत नव्हती. मला दारात बघून मात्र उठून बसली. "मोहन, इलस?"

त्याच्या जागी मी हो कसं म्हणू? पण म्हणालो.

"इलंय गे, आये."

संध्याकाळपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

यंदा ती नाही. पुण्याहून निघताना बायको सहज म्हणाली, "घरीच जाताय ना?" बॅगेची चेन लावत मी मान हलवली. कुठल्या घरी, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.