पाहुणेवेडा

आमच्या कुत्र्याला चोर आणि पाहुणा यांतला फरक कळत नाही. दोघांचंही तो सारख्याच प्रेमानं स्वागत करील, याची मला खात्री आहे. मेंढ्या राखणाऱ्या विलायती जातीचं हे केसाळ जनावर माझ्या भावानं आणलं, तो घरी बसून ऑफिसचं काम करायचा त्या काळात. मग त्याला पुण्याला बोलावणं आलं. भाऊ गेला, कुत्रा राहिला. आई तर त्याआधीच वारली होती. नंदनवन वस्तीतल्या घरात आम्ही तिघं उरलो: मी, पोस्टातून निवृत्त झालेले बाबा आणि कुत्रा. मी विम्याच्या ऑफिसात नोकरी करते. सकाळी नऊला निघते, सहाला परतते.

मेंढ्या नाहीत म्हणून कुत्र्यानं माणसं राखायला घेतली. बेल वाजली की तो आधी पाहुण्याच्या छातीवर पुढचे दोन्ही पाय ठेवायचा, तोंड चाटायचा, मग गुडघ्यामागे नाक खुपसत त्याला हॉलमध्ये न्यायचा. चार पाहुणे असले तर चौघांना एका सोफ्यावर बसवल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. कुणी बाथरूमला गेलं तर हा दाराशी उभा राहून त्याला परत घेऊन यायचा. घरातल्या दोघांना हे कौतुकाचं वाटायचं. बाहेरच्यांना वाटायचं नाही, आणि त्यांचं चुकतही नव्हतं.

आमच्याकडे पाहुणे म्हणजे मुख्यतः दसऱ्याचे. दीक्षाभूमीवर यायला गावाकडून आमचे लोक निघतात आणि दोन रात्री आमच्या घरी मुक्काम करतात. बाबा आठवडाभर आधी गाद्या गोळा करतात, अंगणात पाण्याचा ड्रम भरून ठेवतात. या सगळ्यांची म्होरकी म्हणजे माझी आत्याबाई, बाबांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठ्ठावीसचा. ती जिथं उतरेल तिथं बाकीचे उतरतात.

मागच्या दसऱ्याला ती गाडीतून उतरली आणि रिवाजाप्रमाणे फाटकाजवळच्या नळावर पाय धुवायला गेली. एक पाय उचलून दुसऱ्यावर उभी होती, तेवढ्यात आमच्या प्रेमळ प्राण्यानं मागून झेप घेतली. आत्याबाई आडवी. डावं मनगट मोडलं. लग्नाआधीपासून जिनं एक दसरा चुकवला नव्हता, तिनं तो दसरा प्लास्टर घालून घेण्यात घालवला. जाताना ती एवढंच म्हणाली, "हे कुत्रं इथं हाये तोवर माह्या पाय तुमच्या घराले लागत नाई."

आत्याबाई बोलते ते करते. यंदा श्रावण संपल्यावर तिचा बाबांना फोन आला: कुत्रा असेल तर आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, नातेवाइकांकडे जरीपटक्याला उतरतो. बाबांचा चेहरा पडला. आई गेल्यापासून वर्षातले हे दोन दिवसच आमचं घर भरलेलं असायचं. मी म्हटलं, "देऊन टाकू कुत्रा. उमरेड रोडला माझ्या मैत्रिणीचं शेत आहे." बाबा जेवण अर्धं टाकून उठले. मी चिडले, कारण मी लवकर चिडते. मग महिनाभराची मुदत दिली. तेवढ्यात कुत्र्याला वळण लागलं तर ठीक, नाही तर शेत.

वळण लावायचं म्हणजे पाहुणा हवा. रोज पाहुणा कुठून आणणार? म्हणून बाबाच पाहुणे झाले. मी ऑफिसातून आले की बाबा छत्री, टोपी नाही तर माझी शाल घेऊन फाटकाबाहेर जायचे आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवायचे. मी आत कुत्र्याला दाराजवळच्या पोत्यावर बसवून पट्टा धरायची. शेजारच्या काकू गच्चीवरून पाहायच्या. त्यांनी एकदा मला हळूच विचारलं, "बाबाइले काही विसर गिसर पडून राहिला का वं?"

पंधरा दिवस झाले तरी कुत्रा सुधारेना. उलट बिघडला. बेल वाजली की आता तो पट्ट्यासकट मला ओढत न्यायचा. एकदा बेल वाजायच्या आधीच मी खिडकीतून डोकावले आणि कारण सापडलं. बाबांच्या शालीखाली बिस्किटाचा पुडा होता. दार उघडताच ते शालीआडून, माझ्या नकळत, आधी दोन बिस्किटं कुत्र्याच्या तोंडात घालत आणि मग म्हणत, "बस गा, बस."

"बाबा, हे काय चाललंय?"

"पाहुणा कवा रिकाम्या हातानं जाते का कोणाच्या घरी?" बाबा मलाच म्हणाले. "आपल्यात रीत नाई थे."

कपाळावर हात मारायचा की हसायचं, मला कळेना. जन्मभर हा माणूस कुणाकडे खाऊ घेतल्याशिवाय गेला नव्हता. नाटकातसुद्धा त्याच्यानं ते होईना. कुत्र्यानं बिचाऱ्यानं बरोबर धडा घेतला होता की पाहुणा म्हणजे बिस्किट.

मग आम्ही रीत ठेवली, फक्त क्रम बदलला. पाहुणा येणार, नळावर पाय धुणार, आत येऊन बसणार, मी पाणी देणार. पाहुण्यानं पाणी पिऊन पेला खाली ठेवला की मगच खाऊ, आणि तोही कुत्रा पोत्यावर बसून असेल तर. पेल्याचा आवाज झाल्याशिवाय पोतं सोडायचं नाही. पहिले चार दिवस तो पोतंच ओढत पुढे सरकला. त्यानंतर बसायला लागला. अंगभर थरथरायचा, शेपटीनं फरशी झाडून काढायचा, पण बसायचा. बाबा मात्र पाणी घटाघटा प्यायचे, त्याला फार ताटकळत ठेवायला नको म्हणून.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी गाद्या उन्हात टाकत होते. बाबा मागे येऊन उभे राहिले. घसा खाकरला.

"बाई येऊन राहिली," ते म्हणाले. बाई म्हणजे आत्याबाई. "बारा जणं हायेत. चार वाजेपर्यंत येतात."

"म्हणजे कुत्रा सुधारला हे तिला पटलं?"

बाबा गादीवरचा नसलेला कापूस वेचायला लागले. "मी सांगतलं तिले का कुत्रं देऊन टाकलं म्हणून."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला, असं माझं होतं. एवढ्या वयात बहिणीशी खोटं बोलता, ती आल्या पावली परत जाईल, मग वर्षानुवर्षं तोंड बघणार नाही, हे तर बोललेच. बाबा ऐकून घेत होते. म्हणाले, "दोन दिवस शेजारी बांधून ठेवू." शेजारच्या काकूंकडे कुत्रा ठेवला असता तर त्यानं तिथून असा टाहो फोडला असता की अख्ख्या नंदनवनाला कळलं असतं.

चार वाजता गाडी फाटकाशी लागली. बाबा पुढे होईनात, म्हणून मीच गेले. आत्याबाई पुढच्या सीटवर होती, पांढरं लुगडं, मांडीवर कोहळं. तिनं पाय खाली टाकायच्या आत मी म्हटलं, "आत्याबाई, कुत्रा घरातच आहे. बाबा खोटं बोलले. आता तुला वाटेल ते कर."

मागे बसलेले सगळे खिडक्यांतून डोकावायला लागले. आत्याबाईनं उघड्या फाटकातून पाहिलं. दारात पोत्यावर कुत्रा बसला होता. बारा माणसं एकदम पाहून त्याच्या घशातून बारीक आवाज निघत होता, पण बूड हललं नव्हतं. बाबा त्याच्याशेजारी पट्टा धरून उभे होते.

"मले पाणी आन," आत्याबाई मला म्हणाली.

मी पेला आणला. ती गाडीत बसूनच प्यायली, एकेक घोट, कुत्र्यावरची नजर न काढता. बाबांसारखी घटाघटा नाही. मला वाटलं, संपलं, हा आता सुटणार. त्याची मान पेल्याबरोबर वरखाली होत होती. तो सुटला नाही. पाणी संपलं तरी तिनं पेला खाली ठेवला नाही. हातात धरूनच तिनं मोठ्यानं बाबांना विचारलं, "काहून खोटं बोलला गा माह्यासंग?"

बाबा जागचे हलले नाहीत. "तू आली नसती," ते म्हणाले. "अन् याले देऊन टाकलं असतं, तर मंग दिवसभर बोललो असतो कोनासंग मी? पोरगी सकाळी जाते. सहापर्यंत मी अन् हे."

मी तिथंच उभी होते. मला लाज वाटली. भाऊ गेल्यापासून चार वर्षं मी या माणसाला वेळेवर जेवण, गोळ्या, पेपर सगळं देत होते आणि समजत होते की त्यांचं ठीक चाललंय. त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

आत्याबाईनं पेला माझ्या हातात दिला. काठी टेकत उतरली, नळावर गेली. एका हातानं माझा खांदा धरून तिनं दोन्ही पाय धुतले. मग दारात जाऊन कुत्र्यासमोर उभी राहिली. "काय पाहतं?" ती त्याला म्हणाली. "मनगट अजून दुखते माह्यं." त्यानं तिच्या ओल्या पायाचा वास घेतला आणि खाली मान घातली. मी आत जाऊन पेला फरशीवर ठेवला. बाबांनी खिशातून बिस्किट काढून बहिणीच्या हातात दिलं, तिनं ते त्याला दिलं. हात ताणून, लांबूनच.

दोन दिवस घर भरलेलं राहिलं. कुत्र्यानं एकाही माणसावर उडी मारली नाही, असं मी म्हणणार नाही. एका मामांचा चष्मा त्यानं चाटून ठेवला. पण दीक्षाभूमीवरून पाय ओढत आलेल्या बारा जणांना त्यानं नाकानं ढकलून सतरंजीवर एकत्र बसवलं, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं आत्याबाईच हसली. गेल्या वर्षी त्यानं तिला पाडलं नसतं, तर ती दरसालप्रमाणे आली असती, राहिली असती, गेली असती, आणि बाबा दिवसभर कुणाशी बोलतात हे आम्हा दोघींनाही कधी कळलं नसतं. त्या उपद्व्यापी जनावराचे हे उपकार मी मानते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागली. पिशव्या चढल्या, माणसं चढली. आत्याबाईची पिशवी मी पुढच्या सीटवर ठेवायला गेले, तर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुमी व्हा पुढं," ती ड्रायव्हरला म्हणाली. मग मला म्हणाली, "तू जाय आपल्या ऑफिसात. मी हाओ इथंच दिवाळीपर्यंत."

बाबा तिची पिशवी घेऊन आत गेले आणि आईच्या कपाटातला एक कप्पा तिच्यासाठी रिकामा करायला लागले.