फलकावरची आई

माझी भाची सुमन दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. तिचं एवढंसं बाळ नर्सबाईंनी तिच्या उघड्या छातीवर मऊ ओढणीने बांधलं होतं. आईच्या उबेत त्याचा श्वास कसा संथ चालला होता! मी तासभर नुसती तो श्वास बघत बसले होते.

तेवढ्यात वॉर्डातल्या मावशी घाईघाईने आल्या. "बाळं काचेच्या पेटीत ठेवा, गाऊनची बटणं लावा. पाहुणे येतायत, वॉर्ड नीट दिसला पाहिजे."

पाहुणे कशाला येत होते? भिंतीवरच्या नव्या फलकाचं उद्घाटन करायला. आणि त्या फलकावर काय होतं, तर आईच्या उघड्या छातीशी बिलगलेलं बाळ! माझं डोकंच फिरलं. रंगातली आई कौतुकाची, आणि खाटेवरच्या जित्याजागत्या आईने तेवढी लाज बाळगायची? त्या चिमण्या जिवाची ऊब काढून घेऊन कोणत्या उबेचा सत्कार करणार होते हे लोक?

शेजारच्या खाटांवर अशीच आयांच्या छातीशी बांधलेली बाळं मुकाट्याने पेट्यांत गेली. नर्सबाईंनी मात्र सुमनच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढला आणि त्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "हे बाळ हलणार नाही. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

फीत कापली गेली, टाळ्या वाजल्या. सुमनने बाळाच्या कानावर हात ठेवला. पेट्यांमधून मात्र एकच रडारड सुरू झाली.

"ही बाळं का रडतायत हो?" पाहुण्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

"तुमचा कार्यक्रम आहे ना, साहेब," नर्सबाई म्हणाल्या.